आज नको, बहिनी

डोंगरातल्या सिमपानी गावच्या आमा समूहात, म्हणजे आयांच्या मंडळात, यमकुमारी सगळ्यांत धाकटी. वय सव्वीस. तिला सचिव करून जेमतेम पाच महिने झाले होते, पण तेवढ्यात तिनं असा काही धडाका लावला होता की ज्या आया तिला आधी लाडानं "कान्छी", धाकटी, म्हणायच्या, त्या आता "आली बघ पोलीस" म्हणायला लागल्या. आणि तिला ते आवडायचंसुद्धा! नवरा मलेशियात, पदरात दोन वर्षांची पोर, अंगात नुसता उत्साह, तो जाणार कुठं?

आणि काम तरी थोडं का होतं! वाट खचली, कुणाची बाई अडली, कुणी दारू पिऊन घरात धिंगाणा घातला, की आधी आमा समूह पोचणार, मग बाकीचं जग. त्यात गेल्या आषाढात मनसरीला दवाखान्यात नेताना वाटेतच, भर पावसात, खांद्यावरच्या डोलीत बाळ झालं. बाळ वाचलं, मनसरी वाचली, पण डोली धरणाऱ्या चौघीजणी महिनाभर झोपेतून दचकून उठायच्या. त्यातली एक यमकुमारी. तेव्हाच ठरलं, दवाखान्याला लागून एक खोली बांधायची, दिवस भरत आलेल्या बाईनं आधीच तिथं येऊन राहायचं. दगड आयांनीच पाठीवरच्या टोपल्यांतून वाहिले. भिंती उभ्या राहिल्या. राहिलं फक्त छप्पर, आणि चैत लागला होता, पावसाला तीनच महिने उरलेले.

आता छपराला पैसे आणायचे कुठून? तर आमा समूहाची रीत ठरलेली. गावचा कुणी परदेशातून कमावून आला, की सगळ्या आयांनी मखमली चोळ्या घालून जायचं, त्याला हार घालायचे, टिळा लावायचा, ढोलकीसारखं मादल वाजवत त्याच्या अंगणात नाचायचं, आणि त्यानं ताटात खुशीनं काय ते टाकायचं. गावचे रस्ते, पाण्याचे नळ, शाळेची घंटासुद्धा अशीच नाचून आलेली. फक्त त्यात एक नियम होता. आपणहून जायचं नाही. आलेल्याच्या घरातली बाई, आई नाहीतर बायको, अध्यक्षांच्या दारात येऊन म्हणायची, "आमचा आलाय हो. या नाचायला." मग जायचं. कुणी दुसऱ्या दिवशी यायची, कुणी आठव्या.

यमकुमारीला हे आठ दिवस डोळ्यांत खुपायचे.

"रूपसरी दीदी, गेल्या वर्षी तिघं सटकले!" ती अध्यक्षांना म्हणाली. "एक सासरी गेला तो तिकडूनच विमानात बसला. आपण बोलावण्याची वाट बघत नुसत्या चोळ्या वाळवतोय. त्यापेक्षा थांब्यावरच गाठायचं. जीपमधून पाय खाली टाकला की हार!"

रूपसरी दीदी म्हणजे फौजीची बायको, आवाज कमांडरचा. "अगं, माणसाला हातपाय तरी धुऊ दे."

"हातपाय धुईपर्यंत खिसा रिकामा होतो, दीदी!"

सगळ्या इतक्या हसल्या की ठरावच होऊन गेला.

आणि जमलं ना! पहिला आला तो पेन्शनीतला फौजी, हार बघून रडलाच. दुसरा कोरियावाला, थांब्यावरच तासभर नाचला आणि सिमेंटची पोती लिहून दिली. जीपवाल्याशी यमकुमारीनं संधान बांधलेलं, तो खालून निघतानाच फोन करायचा. यमकुमारीचे पाय जमिनीला लागेनात.

मग एका शनिवारी फोन आला.

"बहिनी, एक येतोय तुझा. जसमती आमाचा खिम. कतारवाला."

"खिम दाजू? खरंच? सामान किती?"

"एकच बॅग."

"एकच? चार वर्षांनी?"

"बाकीचं मागनं येत असेल. मला काय ठाऊक. गप्प बसलाय खिडकीशी."

तिनं फोन ठेवला आणि पळालीच. कारण जसमती आमा म्हणजे काय सांगू! शेजारच्या घरातली, नवरा नसलेली, समूहात सगळ्यांत छान नाचणारी. तिच्या खिमला यमकुमारी दाजू, थोरला भाऊ, म्हणायची, आणि तो तिला बहिनी, धाकटी बहीण. यमकुमारीच्या बाळंतपणात रात्रंदिवस उशाशी बसलेली, तिच्या पोरीला पहिली आंघोळ घातलेली. दर नाचानंतर गुडघे चोळत म्हणायची, "सगळ्यांच्या पोरांसाठी नाचून माझ्या वाट्या झिजल्या, आणि माझ्याच मेल्याला रजा मिळत नाही." यमकुमारीनं मनात ठरवूनच टाकलं, आमाला आधी सांगायचं नाही. मजा करायची. तिनं लसणाच्या वाफ्यात निरोप धाडला, "चोळी घालून थांब्याच्या चौतारीवर, पारावर ये, कुणी कोरियावाला येतोय." आणि बाकीच्यांना घेऊन गुरांसाच्या लाल फुलांचे हार ओवायला बसली.

जीप आली. खिम उतरला. मादल वाजलं, सतरा बायका एकदम गायला लागल्या, आणि त्यानं काय केलं तर मागं वळून बघितलं. जणू हे दुसऱ्या कुणासाठी चाललंय. जीपमध्ये मागं होत्या फक्त दोन कोंबड्या आणि तांदळाची पोती.

पहिला हार यमकुमारीचा. तो उंच, म्हणून वाकला, आणि वाकल्यावर तिच्या कानाशी अगदी हळू म्हणाला, "आज नको, बहिनी."

इतकंच. बाकी कुणाला ऐकू गेलं नाही.

तिनं ऐकलं. नीट ऐकलं. आणि हसून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली, "बघा गं बघा, दाजू लाजतोय!"

"नवरीसारखा काय लाजतोस रे!" रूपसरी दीदी गरजल्या. "चार वर्षं अरबांचं मीठ खाल्लंस, आता आमचा टिळा जड झाला होय?"

"पदर देऊ का डोक्यावर घ्यायला?" मागून कुणीतरी.

तो हसला. काय करणार, हसलाच. हार एकावर एक पडत गेले, कानापर्यंत आले, तोंड दिसेना. तेव्हा यमकुमारीची नजर खाली गेली. त्यानं बुटांच्या टाचा दाबून त्यावर पाय ठेवलेले, चपलेसारखे. नाड्या सुटलेल्या. आणि पाय वरून फुगलेले, तट्ट. तिच्या मनात आलं, ही तिकडची फॅशन असेल. तेवढंच आलं. लगेच मादल जोरात झालं आणि ते गेलंही.

एवढ्यात जसमती आमा उतारावरून आली, हाताला लसणाची माती, चोळीचा एक बंद सुटलेला. तिनं हारांच्या ढिगाकडे बघितलं, खाली बघितलं, मग वर बघितलं. थांबली. आणि पुढच्या क्षणाला जी नाचायला लागली ती, बाई गं! साठीची बाई गुडघे विसरली. हात असे काही फिरत होते की मादलवालीला ताल सांभाळता येईना. बायका टाळ्या पिटत होत्या, जीपवाला हॉर्न वाजवत होता, आणि खिम हारांच्या फटीतून आईकडे टक लावून बघत होता.

मग ताट फिरलं. त्याच्यासमोर आलं. त्यानं खिशात हात घातला, काढला, पुन्हा आईकडे बघितलं आणि म्हणाला, "छप्पर माझ्याकडून. सगळं."

त्यानंतर जो गलका झाला तो म्हणे पलीकडच्या डोंगरावर ऐकू गेला.

आणि त्यानं शब्द पाळला हो. दुसऱ्याच दिवशी खाली बाजारात जाऊन पत्रे सांगून आला. चौथ्या दिवशी पत्रे आले, आठवड्यात चढले. पुढच्या पत्र्यावर रंगानं नाव लिहिलं, खिमबहादुर गुरुंग. यमकुमारीनं शिडीवर चढून फोटो काढला आणि मलेशियाला नवऱ्याला पाठवला, "बघ, माझी आयडिया!"

नवव्या दिवशी खिम नळावर कोसळला.

त्याला दवाखान्यात कुणी नेलं? आमा समूहानंच. मनसरीला नेलं होतं त्याच डोलीत. तिथून पोखऱ्याच्या मोठ्या इस्पितळात. तिथं कळलं ते त्याला आधीपासूनच माहीत होतं, बॅगेत कागद होते सगळे. दोन्ही मूत्रपिंडं गेलेली. उन्हात राबून, पाणी मोजून पिऊन, पाठ दुखली की गोळ्या खाऊन. कंपनीनं निघताना हातावर जे ठेवलं होतं ते औषधपाण्यासाठी होतं. ते आता दवाखान्याशेजारी भिंतींवर चढून बसलं होतं, चकचकीत.

समूहाची बैठक भरली. यमकुमारी उभी राहिली. "पत्रे उतरवू या. दुकानदाराला परत देऊ. निम्मे पैसे तरी येतील."

कुणी काही बोलायच्या आत जसमती आमा उठली. "माझ्या पोराचा शब्द आहे तो. चार माणसांत दिलेला. एक पत्रा जरी उतरवलात, तरी मी या समूहात पुन्हा पाय ठेवायची नाही."

"आमा, पण त्याचं औषध..."

"औषधाचं मी बघीन. खालचं भाताचं खाचर आहे माझं, ते विकीन. आणि त्याच्या आजारासाठी गावोगाव नाचायला गेलात तर याद राखा."

रूपसरी दीदींनीसुद्धा मान खाली घातली. त्या बाहेर पडताना यमकुमारीला हळूच एवढंच म्हणाल्या, "ते बोलावण्याची वाट बघायचे दिवस होते ना, कान्छी... मला वाटायचं, आपल्याला तयारीला वेळ मिळावा म्हणून असतील." पुढं बोलल्या नाहीत. पण यमकुमारीला उरलेलं ऐकू आलं. ते दिवस आलेल्या माणसासाठी होते. त्यानं घरात यावं, जेवावं, झोपावं, आईला बरंवाईट सांगावं. मग घरानं ठरवावं, नाचायला बोलवायचं का नाही. म्हणजे नाचायची घाई तिला, आणि तिनं कुणाच्या घरातले चार दिवसच खाऊन टाकले होते.

खिम पोखऱ्यात मावसबहिणीकडे राहायला गेला, आठवड्यातून दोनदा मशीनवर रक्त धुवायला. जसमती आमा एकटी उरली. यमकुमारी पहाटे उठून तिचं पाणी भरायची, म्हशीला गवत कापून टाकायची, लसूण निवडायची. आमा म्हणायची, "पोटची लेक असती तरी एवढं केलं नसतं गं." आणि यमकुमारीला वाटायचं, जमीन दुभंगावी. कारण "आज नको" हे शब्द तिच्या एकटीच्या कानात होते. बाकी सगळ्यांना वाटत होतं, खिमनं कुणाला कळूच दिलं नाही. कळू दिलं होतं. एकीला.

दीड महिना तिनं ते पोटात ठेवलं. अन्न जाईना. सासू म्हणाली, "दृष्ट लागली का काय तुला?" शेवटी एका दुपारी, लसणाच्या जुड्या बांधताना, तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"आमा, दाजू मला म्हणाला होता. हार घालताना. आज नको म्हणाला होता. आणि मी हसले."

आमाचे हात थांबले नाहीत. लसणाच्या पातीची वेणी घालत राहिली.

"आमा, ऐकलंस ना? मी थांबवलं असतं तर तो घरी आला असता, तुला सांगितलं असतं, ते ताट त्याच्यापुढं आलंच नसतं. मी त्याची थट्टा केली, आमा. सगळ्यांच्या देखत."

"बूट," आमा म्हणाली.

"काय?"

"टाचा दाबलेल्या होत्या. पाय मावत नव्हते. मी उतारावरूनच बघितलं. त्याचा बाप गेला तेव्हा असेच झाले होते पाय."

यमकुमारीच्या हातातली जुडी सुटली. "मग... मग तू नाचलीस का?"

आमानं वेणीत आणखी एक पात गुंफली. बाहेर म्हैस दावं ओढत होती.

"चार वर्षं दुसऱ्यांच्या अंगणात नाचले गं. मादल वाजत होतं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, माझ्या पोराच्या गळ्यात हार होते. म्हटलं, एकदाच. एकदा नाचून घेते, घरी गेल्यावर विचारीन."

"आणि घरी गेल्यावर?"

"विचारलं ना. म्हणाला, विमानात बसून बसून सुजलेत. मी म्हटलं, बरं." तिनं वेणीचं टोक दातानं ओढून घट्ट केलं. "खोटं बोलतोय ते कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी तो पत्रे आणायला निघाला, आणि नळावरच्या बायका वाट सोडून बाजूला झाल्या त्याला. तसं आमच्या घरातल्या कुणासाठी कधी झालं नव्हतं. मी दारातच उभी होते. हाक मारता आली असती."

यमकुमारी रडायला लागली. तिला वाटलं होतं, आमा ओरडेल, घालवून देईल, म्हणेल पुन्हा तोंड दाखवू नकोस. मग कदाचित झोप आली असती.

"मला रागव ना, आमा," ती म्हणाली. "एक शिवी तरी घाल."

"कुठल्या तोंडानं घालू?" आमा म्हणाली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "एक कर. मी पाय बघितले होते, हे खिमला कधी सांगू नकोस. तो समजतो, त्या दिवशी त्यानं आईला फसवलं आणि आई खुशीत नाचली. शुक्रवारी गेले होते तर मशीनला नळ्या लावून पडलेला, आणि बहिणीला तेच सांगत होता. हसत होता गं."

यमकुमारीनं मान हलवली. सुटलेली जुडी उचलली, पण तिला वेणी काही केल्या धरता येईना. आमानं ती हातातून काढून घेतली आणि स्वतःच बांधायला घेतली.