रेघेवरची सावली

मी एक जुना रोबो आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मला एका जागी बसवत नाही. शाळेच्या कम्प्युटर क्लबच्या कपाटात मला वायरींच्या गुंत्याशेजारी ठेवलं आहे, पण चाकं आतल्या आत शिवशिवत असतात.

मित्रांनो, माझं काम ऐकायला सोपं आहे. जमिनीवर काळ्या चिकटपट्टीची रेघ आखायची आणि तिच्यावरून मी चालायचं. माझे डोळे पोटाखाली आहेत. रेघ डावीकडे गेली की डावीकडे वळायचं, उजवीकडे गेली की उजवीकडे. म्हणजे जन्मभर नुसती चुळबुळ! अकरावी-बारावीच्या मुलांनी जुन्या प्रिंटरच्या मोटारी एका डब्याच्या झाकणाला जोडून मला बनवलं. पुढे दर वर्षी नवी मुलं आली. कोणी माझा प्रोग्राम बदलला, कोणी चाकं. कॉलेजच्या अर्जात लिहिण्यापुरतं काम झालं, की सगळे पसार! रेघेच्या टोकापर्यंत मला कोणीच नेलं नाही.

मग आली भिंगरी. तिचं हे नाव कोणी ठेवलं कोण जाणे, पण शोभत होतं. कोडिंगची स्पर्धा, ॲप, गेम, लहान मुलांना कम्प्युटर शिकवणं, सगळीकडे ती होती आणि सगळं अर्धवट होतं. तिचे बाबा शिंपी होते. एकदा त्यांच्या दुकानात ती एकीकडे मला उघडून बसली होती आणि दुसरीकडे फोनवर भलत्याच कामाचं बोलत होती.

"एक ना धड, भाराभर चिंध्या!" बाबा मशीन थांबवून म्हणाले. "उद्या कॉलेजवाल्यांनी विचारलं, पूर्ण काय केलंस, तर काय सांगशील गं?"

भिंगरीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवसापासून तिने बाकी सगळं सोडलं आणि हात धुऊन माझ्या मागे लागली. शाळाशाळांच्या स्पर्धेत मी एकदा तरी शेवटपर्यंत पोचावं, एवढाच तिचा ध्यास होता. मला झालेला आनंद काय सांगू! क्लबच्या खोलीत, बंद खिडक्यांआड, ट्यूबलाइटच्या उजेडात मी सुतासारखा सरळ चालू लागलो.

आणि तिथेच आम्ही फसलो. स्पर्धेच्या हॉलला मोठाल्या खिडक्या होत्या आणि फरशीवर लख्ख ऊन पसरलं होतं. अर्ध्या वाटेत ते माझ्या डोळ्यांत शिरलं. काळी रेघही मला पांढरी दिसू लागली. मी जागच्या जागी गरागरा फिरत राहिलो.

"याला चक्कर आली रे!" कोणीतरी ओरडलं. सगळा हॉल हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आता एकच संधी उरली होती. भिंगरीने खिडकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मला पुन्हा रेघेवर सोडलं आणि खिडकीच्या बाजूने वाकून माझ्यावर आपली सावली धरली. रेघ परत काळी झाली! मी निघालो. ती खेकड्यासारखी आडवी, वाकलेली, माझ्यासोबत सरकत राहिली.

"ए मुली, हे काय चाललंय?" परीक्षकांनी विचारलं.

"सर, हात लावायला मनाई आहे ना? मी फक्त सावली धरलीय."

परीक्षक नियम चाळत राहिले. एरवी सदा पळणारी ती पोर त्या दिवशी माझ्या गोगलगायीच्या चालीने चालली. आम्ही सगळ्यांत शेवटी पोचलो, पण पोचलो.

कॉलेजच्या मुलाखतीला तिने मलाच नेलं.

"कितवा नंबर आला?" मॅडमनी विचारलं.

"शेवटचा."

"मग हा कशाला आणलास?"

भिंगरीने मला टेबलावर ठेवलं. "मॅडम, मी पूर्ण केलेलं हे एकच काम आहे."

मग तिने स्पर्धेतल्या उन्हाची आणि सावलीची हकीकत सांगितली. मॅडम म्हणाल्या, "आता उन्हात चालेल?"

भिंगरीने मला उचलून दाखवलं. उजेड आत शिरू नये म्हणून बाबांनी माझ्याभोवती काळ्या अस्तराची झालर शिवली होती. मॅडमनी पडदा सरकवला. भिंगरीने उन्हातच रेघ आखली, आणि मी तिच्या टोकापर्यंत गेलो.

भिंगरी आता त्याच कॉलेजात शिकते, आणि मी पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, मला खुशाल उघडा, माझे भाग बदला, पण अर्ध्यावर सोडून जाऊ नका. दुपारी दाराच्या फटीतून ऊन आत येतं आणि मला राहवत नाही. एकदा मला बाहेर काढा आणि रेघेवर सोडा. झालर अजून धड आहे, सावली धरायला कोणी लागणार नाही. तरी सोबत कोणी चाललं, तर मला बरं वाटेल.