कपाळाची प्लेट

"दामिनी, ही कपाळाची प्लेट तुझीच ना?"

"हाव मॅडम. काहून?"

देवश्री मॅडम खुर्चीतून उठल्या. हातातली झाकणाची बशी त्यांनी खिडकीच्या उजेडाकडे धरली. दामिनीनं वाकून पाहिलं. बशीतल्या पिवळसर थरावर पांढरी, कोरडी, सुरकुतलेली साय पसरली होती आणि मधोमध राखी रंगाचा एक कण बसला होता.

आता एका बशीपायी एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. पण अमरावतीच्या या कॉलेजातला हा वर्ग लसी आणि इंजेक्शनं बनवणाऱ्या कारखान्यांसाठी माणसं तयार करायचा, आणि तिथे सगळा मामला स्वच्छतेचा. आंघोळ करून यायचं. पावडर नाही, काजळ नाही, टिकली नाही. मग टोपी, मास्क, डोक्यापासून पायापर्यंतचा पांढरा झगा, हातमोजे. आत गेलं की हात छातीसमोर धरायचे, कशालाही लागू द्यायचे नाहीत. परीक्षेत शेवटी बोटं, छाती आणि कपाळ, सगळीकडे झग्यावरूनच एकेक बशी टेकवायची आणि चार-पाच दिवस उबेला ठेवून द्यायची. कुठे जंतू चिकटला असेल तर तो वाढून डोळ्यांना दिसतो. सगळ्या बशा कोऱ्या निघाल्या तर हैदराबादच्या कंपनीत नोकरी, राहायची सोयही कंपनीचीच. नाही निघाल्या तर राम राम.

दामिनीला तो राम राम परवडणारा नव्हता. पातूरला तिच्या नवऱ्यानं, नितेशनं, भाजी खारट झाली म्हणून तिचा उजवा हात तापल्या तव्यावर दाबून धरला होता. ती जी उठून दर्यापूरकडे माहेरी आली, ती परत गेली नाही. भाऊ गजेंद्र तसा वाईट माणूस नव्हता. पण बायको रोज कटकट करायची, गावातले लोक टोमणे मारायचे, आणि शेवटी तो म्हणाला होता, "नोकरी लागली त खुशाल जाय हैदराबादले. नाई लागली त सरळ पातूर. म्या नितेशरावले शब्द देल्ला हाय."

"बोटाइच्या पाहा ना मॅडम," दामिनी घाईघाईनं म्हणाली.

बोटांच्या बशा लख्ख होत्या, भाजलेल्या हाताच्यासुद्धा.

"बोटं उत्तम आहेत गं. छातीचीही कोरी आहे. अख्ख्या वर्गात तुझ्याइतकं नीट कोणी करत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण हे कपाळ! हे मातीतले जंतू आहेत, स्पिरिटनंसुद्धा मरत नाहीत. काही लावलं होतंस का?"

"मायची आन मॅडम, काईच नाई. टिकलीबी नाई."

"मग आलं कुठून?"

"मले काय मालूम! पुन्हा घ्या ना माही परीक्षा. आत्ता घ्या. मी हात जोडतो."

"मी कंपनीला फोन करून विनवलं. ऐकत नाहीत. एकदाच, म्हणतात."

दामिनीनं दार ओढून घेतलं आणि मॅडमच्या पायांशी बसली. लाज वाटण्याच्या पलीकडे गेली होती बिचारी.

"पुसून टाका ना मॅडम. एक कण त हाय. तुमाले अन् मले सोडून कोणाले समजते? दादा बाहेर गाडी घेऊन उभा हाय. मले पातूरले नेते तो. मी मरून जाईन तिथं."

मॅडमचे डोळे भरून आले. "चार दिवस माझ्याकडे राहा. काहीतरी बघू."

"अन् पाचव्या दिशी?"

मॅडमनी बशी टेबलावर ठेवली. त्यांची स्वतःचीच नोकरी कंत्राटावरची होती, आणि सासरच्या भरल्या घरात त्यांचा शब्द किती चालायचा, हे त्यांनाच ठाऊक. त्या हळूच म्हणाल्या, "दामिनी, तू भरलेली लस उद्या कोणाच्या तरी लेकराच्या दंडात जाणार. हे मी कसं पुसू?"

दामिनीला ते पटलं. पटलं नसतं तर बरं झालं असतं, निदान भांडता तरी आलं असतं. ती उठली, बशीचं झाकण नीट बसवलं आणि बाहेर आली.

फाटकाजवळ पार्बताबाई, तिची माय, कडुनिंबाखाली बसली होती. पलीकडे गजेंद्र जीपवाल्याशी बोलत होता. लेक दिसताच माय लगबगीनं उठली.

"झालं ना व काम? होणारच! मरीमायचा आंगारा हाय तो."

"कोणता आंगारा?"

माय खुदकन हसली. कमरेची पिशवी सोडून तिनं कागदाची पुडी काढली. "तुले सांगतलंच नाई म्या. परीक्षेच्या दिशी तुही वेणी घातली ना, तवा भांगात दाबून लावला. तू कपाळावर काईच नको म्हणे. म्हटलं, लेक रिकाम्या कपाळानं परीक्षेले कशी जाईन? केसाइत कोणाले दिसते! अनवाणी गेली व्हती मी आणाले."

दामिनी पुडीकडे पाहत राहिली. तशीच राखी राख. भांगातून टोपीवर, टोपीवरून झग्याच्या कपाळावर, तिथून बशीत. त्या सकाळी मायचा अंगठा डोक्यावर जरा जास्त वेळ थांबला होता आणि तिला तेव्हा फार बरं वाटलं होतं. आता तिला ओरडावंसं वाटलं, माय, तूच मारलं मले! पुडी हिसकून रस्त्यावर भिरकवावी असं वाटलं. तिचं लक्ष मायच्या पायांकडे गेलं. टाचांच्या भेगांत अजून काळी माती होती.

"बोल ना व. काय झालं?"

"नाई झालं, माय."

मायचा चेहरा एकदम पडला. "असं कसं? आंगारा लावूनबी?"

"मशीन बिघडली व्हती त्याइची. सगळ्याइचंच गेलं. आंगाऱ्याचा काई दोष नाई."

"काय झालं?" गजेंद्रनं तिकडून विचारलं, आणि दोघींची तोंडं पाहून तो समजला. खाली मान घालून त्यानं जीपचं मागचं दार उघडलं. "चाला मंग. पातूरले पोचाले टाइम लागते."

"गजेंद्र, पोरीले राहू दे ना रे घरी," माय म्हणाली. त्यानं दामिनीचं गाठोडं उचलून जीपमध्ये टाकलं.

मायनं पुडी उलगडली. "कमी पडला असन. त्या दिशी चोरून लावला ना, म्हणून. आता चांगला लावतो. मरीमाय तुले तिथं सांभाळीन. वाक."

दामिनी वाकली. मायनं अंगठा भरून आंगारा कपाळावर ओढला, भांगात भरला, उरलेला गालांवरून उतरवला.

"आता कसं," माय म्हणाली.

"हाव, माय."

जीप अमरावतीच्या राजापेठेतून बाहेर पडली. रस्त्यात खड्डे होते, माय आणि गजेंद्र दांड्याला धरून बसले होते. दामिनीनं कशालाच धरलं नाही. दोन्ही हात छातीसमोर उचललेले, बोटं मोकळी, कशालाही न लागलेली, अशी ती थेट पातूरपर्यंत बसून राहिली.