आधी कुंकू, वर हळद

मी एक जुना, चावी देऊन चालवायचा सिनेमाचा कॅमेरा आहे. नगरला एका ट्रंकेत गोधडीखाली पडून असतो. भिंगावर बुरशी चढली आहे, पण पाहिलेलं मी विसरलेलो नाही.

माझे मालक राधाकृष्ण गुरुजी. मित्रांनो, शाळेच्या झेंडावंदनाला मुलं केस विंचरून माझ्यापुढे उभी राहत. फार कौतुक होतं माझं. मग बहात्तरचा दुष्काळ पडला आणि गुरुजी मला श्रीगोंद्याजवळ, त्यांच्या मावशीच्या, भामाबाईच्या गावी घेऊन गेले.

शेजारचं घर गोजरबाईचं. विधवा, एकटी. दुष्काळी कामावर खडी फोडून ती परतायची, तर दाराचं कुलूप जसंच्या तसं आणि चुलीवर ताजं हळदकुंकू. तिच्या नवऱ्याची पहिली बायको सवाष्ण गेलेली. तीच येते, असं गाव म्हणू लागलं. गोजरबाई भिऊन भामाबाईच्या ओट्यावर निजू लागली.

दीर सूर्यभान म्हणाला, "वहिनी, घर माझ्या नावावर करा अन् भावाकडं जावा. माझी गुरं भुताला भीत न्हाईत."

भामाबाई नेमधर्माची, हळू बोलणारी. ती चुलीपाशी वाकली. कुंकू खाली, हळद वर.

"गोजरे, हळद आधी वाहत्यात. तुझ्या सवतीनं जित्तेपणी नेम चुकवला न्हाई. मेल्यावर उलटं शिकली व्हय?"

"मंग कोन?"

"राधाकृष्णाचं यंतर सांगंल. माझे सोळा सोमवार पुरे होईस्तवर अंगठा देऊ नको."

बाहेरून कुलूप लावून घेऊन गुरुजी आणि मी गोजरबाईच्या घरात कणगीआड बसलो. दुपार होती. सगळी आळी कामावर गेलेली. झरोक्यातून ऊन नेमकं चुलीवर पडलं होतं. पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी उतरंडीमागे खसखसलं आणि थांबलं. मला दाराचा संशय येऊ लागला, उतरंडीचा, गुरुजींच्या श्वासाचासुद्धा.

तिसऱ्या दिवशी मागच्या खिडकीची फळी सरकली. आधी सावली आत आली, मग हात. गुरुजींनी कळ दाबली. माझी घरघर ऐकून हात थबकला.

"क-कोन हाय?" भूतच भिऊन विचारत होतं.

हात मागे गेला, फळी आपटली. गुरुजींनी हाताचं सांगितलं, तर सूर्यभान गावभर सांगत सुटला, "गुरुजींना ऊन लागलंय." माझी फिल्म धुवायला मुंबईला गेली होती. घर नावावर करायचा कागद घेऊन सूर्यभान रोज येई. गोजरबाई म्हणे, "सोमवार व्हायचेत अजून."

अकराव्या सोमवारी फिल्म आली. शाळेच्या भिंतीवर धोतर बांधून गावाने ती पाहिली. चूल, ऊन, हात. मनगटावर रुंद पट्ट्याचं घड्याळ. गावात तसं एकच होतं.

"भुताला टाइम बघाया लागतो व्हय, सूर्यभान?" कोणीतरी विचारलं. तो खाली मान घालून उठला.

दुसऱ्या दिवशी गोजरबाईने कुलूप काढलं. चुलीवर ताजं हळदकुंकू होतं. हळद खाली, कुंकू वर.

ती चुलीपाशी वाकली. मग म्हणाली, "आलीस व्हय, आक्का? बस. च्या टाकते." आणि तिने चूल पेटवली.

भामाबाईला विचारलं, तर ती नुसती हसली. तिचं त्या दिवशी मौन होतं. माझ्या पोटात फिल्म नव्हती, म्हणून माझा संशय अजून तसाच आहे.

मित्रांनो, माझ्यासारख्याला असं गोधडीखाली टाकू नका. भिंग पुसा, पोटात फिल्म घाला. आणि कुठल्या घराला भ्यायच्या आधी चुलीपाशी वाकून बघा, आधी काय वाहिलंय ते.