कडूबाईचं म्हणणं

आमच्या घरी सकाळची लिंगपूजा झाली की अक्का पोथीचा एक अध्याय वाचतात, आणि तो कानावर पडल्याशिवाय मी तोंडात काही घालत नाही. लग्न होऊन मी युसूफवडगावला, या घरी आले त्या वर्षी धरलेला नेम आहे.

अक्का म्हणजे माझ्या मालकांची थोरली बहीण, नीलम्मा. सहाव्या वर्षी देवी आल्या आणि डोळे घेऊन गेल्या. सासऱ्यांचं तेलाचं दुकान तेव्हा बरं चालायचं. त्यांनी लोकांचं न ऐकता लेकीला लांबच्या अंधशाळेत घातलं. आठ वर्षांनी अक्का परत आल्या तेव्हा त्यांच्या पेटीत एक जाळीची पट्टी होती, एक टोचा होता, आणि चार बाडांची ही पोथी होती. तिथल्या बाईंनी जाड कागदावर एकेक ठिपका हातानं टोचून ती लिहून दिलेली, बोटानं वाचायची.

पोथी देवळीत उभी ठेवायची. आडवी टाकायची नाही, तिच्यावर काही ठेवायचं नाही, साधी विभूतीची वाटीसुद्धा नाही. हा अक्कांचा कडक नियम. मी तो अठरा वर्षं पाळला आणि एकदाही कशासाठी म्हणून विचारलं नाही. पोथीचा मान तो. त्यात विचारायचं काय?

पण रोजच्या वाचण्यानं पोथी झिजत आली होती. ठिपके बोटांखाली बसत चालले होते. काही ओळी अक्का पाठ होत्या म्हणून पुढं रेटायच्या. ते त्यांना आवडायचं नाही. "तोंडपाठ म्हननं येगळं, बोटानं वाचनं येगळं," म्हणायच्या. "पाठ म्हनताना माजं ध्यान चुलीकडं जातं." म्हणून त्यांनी शहरातल्या छापखान्याला नवी प्रत मागितली होती. छापखान्याचं उत्तर आलं की ठिपक्यांच्या लिपीत बदल करायचं चाललं आहे, ते ठरल्यावर छापू.

हे बहात्तर सालचं. आड आटला होता, टँकर तिसऱ्या दिवशी यायचा. लिंगपूजेला मी पळीभर पाणी बाजूला काढून ठेवायची आणि तेच तीर्थ म्हणून घरात सगळ्यांना थेंबथेंब द्यायची.

पौषात अक्कांना शाळेकडून ठिपक्यांतलं एक लांबलचक पत्र आलं. लिपी सुधारण्यासाठी कमिटी नेमली आहे, वाचकांनी आपलं म्हणणं ठिपक्यांतच लिहून पाठवावं. अक्कांनी मला समोर बसवलं आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीचे दाणे घेऊन समजावलं. सहा दाण्यांच्या घरात एक अक्षर. जोडाक्षर आलं की त्याच्या आधी एक एकटा दाणा.

"ह्यो एकटा दाना बोटाला आधीच सांगतो, की पुडं जोडनी हाय, संबाळ. आता म्हनतेत त्याला मागं न्यायचा. आन नेहमीचे शब्द आखूड करायचे. 'आणि' ला एकच घर, 'परंतु' ला एकच घर."

"मग कागद वाचेल की, अक्का."

"कागद वाचंल, वत्सला. मी कुटं वाचंन?" त्या म्हणाल्या. "बावन्न वर्साची झाले. नव्या लिपीत पोथी आली तर शिकवाया कोन हाय हितं?"

दाणे त्यांनी मोजून परत मापात टाकले.

आमच्या भागात ठिपके वाचणारी सगळी मिळून चार माणसं. बाजाराच्या दिवशी ती सोसायटीच्या गोदामात जमली. सोसायटीचे सेक्रेटरी सुंदरराव यांनी जागा दिली आणि कागदही दिला. दोन वर्षांपूर्वी सहकारी साखर कारखाना निघणार म्हणून शेअरचे अर्ज छापले होते, चांगले जाड. पाऊस नाही, ऊस नाही, कारखान्याचं नाव कुणी काढेना. अर्जांचे गठ्ठे उंदरांनी कुरतडलेले पडून होते. "घ्या नीलाक्का, पाठकोरे हायेत," सुंदरराव म्हणाले. "आमच्याच्यानं कारखाना झाला न्हाई, तुमचं तरी काम होऊ द्या."

केजचा धर्मराज भजनात पेटी वाजवायचा, पंचविशीचा. म्हाळू चऱ्हाटं वळायचा. अक्कांनी पत्र वाचून दाखवलं, आणि म्हाळूच पहिला बोलला.

"आक्का, मला वर्साकाठी एक चिठ्ठी येती, मामाची. मामा लई लांबड लावतो. लिपी आखूड झाली तर माज्या जिवाला बरंच हाय."

"गप बे," धर्मराज म्हणाला. "चेष्टा न्हाई ही. आक्का, राग मानू नका, पर मी आखूड करा म्हननार. शाळेचं एक पुस्तक म्हंजे पाच बाडं. एसटीत कंडक्टर म्हनतो लगेज काढ. दोन बाडांत मावलं तर मी अजून शिकंन."

"तुजं वय हाय शिकायचं."

"तुमी बी शिकाल की."

"कुनाजवळ रे?"

धर्मराज म्हणाला, "मी येऊन शिकवीन."

"केजहून? रोज?" म्हाळू हसला. "पेटी कोन वाजवंल मंग, मी का?"

कडूबाई भिंतीला टेकून बसली होती, दोन्ही हात पदराखाली. ती अक्कांची एकुलती एक शिष्य. जन्माची आंधळी, आई-बाप गेलेली, आमच्या ओसरीवर चार वर्षं बसून अक्षरं शिकली. पोथीचं पहिलं पान तिनं स्वतःच्या बोटानं वाचलं तेव्हा अक्कांनी गूळ वाटला होता. पण दुष्काळ पडला आणि तिला रस्त्याच्या कामावर जावं लागलं. मुकादमानं बसून खडी फोडायचं काम दिलं, तेवढी दया केली. डाव्या हातानं दगड चाचपून धरायचा, उजव्यानं हातोडी. सहा महिने झाले होते.

"कडू, तुजं काय?" अक्कांनी विचारलं.

"मी काय सांगू? मला आता लागतच न्हाई काई," ती म्हणाली. "मागल्या बाजारी तुमी चिठ्ठी दिलती, नुसता कागद लागला."

पदराखालून हात काढून तिनं बोटांची टोकं एकमेकांवर घासली.

"पर ही कामं काय जल्माची हायेत का? पाऊस पडंल, कामं बंद हुतील, बोटं मऊ पडतील. वत्सलावैनी दर बाजारी तेल देतेत मला, चोळते की मी. तवा आक्षरं जितं ठिवलीत तितंच घावली पायजेत. तुमी जागा बदलल्या तर मी कुटं हुडकू?"

धर्मराजनं खाली मान घातली. म्हणाला, "कडूबाई, मी माजं आखूड करा म्हनूनच लिवनार. खोटं कसं लिवू?"

"तुमचं तुमी लिवा. माजं मी लिविते."

अक्का म्हणाल्या, तू सांग, मी टोचते. तिनं ऐकलं नाही. टोचायला ठिपके बोटाला जाणवावे लागत नाहीत, जाळीत घर धरून मोजत टोचायचं. सारी दुपार ती टोचत बसली. तेलकट बोटांचे डाग कागदावर उमटले. जे तोंडानं बोलली तेच तिनं लिहिलं, दीड ओळ. अक्कांनी कागद उलटून वाचला, दोन ठिकाणी चूक होती.

"ऱ्हाऊ द्या," कडूबाई म्हणाली. "माजंच हाय असं कळंल त्यास्नी."

चारही कागद अक्कांनी माझ्या हाती दिले. मालक दुसऱ्या दिवशी केजला जाणार होते, तिथून रजिस्टर करायचं. संध्याकाळी मालकांनी कागद लिफाफ्यात घालून पाहिले. फुगून वर येऊ लागले.

"चार कागद हायेत का चार भाकरी? पोस्टमास्तर घ्यायचा न्हाई असलं."

"राहू द्या," मी म्हटलं, "सकाळपर्यंत नीट करून देते."

आमच्या घरची चाल अशी, की महत्त्वाचा कागद घराबाहेर जाण्याआधी वैजनाथाच्या फोटोपुढं ठेवायचा, विभूती लावायची, तीर्थ शिंपडायचं. माझी पत्रिकाही माहेराहून तशीच आली होती. त्या दिवशीचं माझ्या वाट्याचं तीर्थ मी घेतलं नव्हतं, वाटीत राखून ठेवलं होतं. ते मी चारही कागदांवर शिंपडलं. कडूबाईच्या कागदावर दोनदा. मनात म्हटलं, देवा, हिचं तेवढं ऐकू जाऊ दे. कागद ओलसर झाले, वाकले. मग धुतलेल्या लुगड्याच्या घडीत घालून मी ते पाट्याखाली ठेवले, वर वरवंटा ठेवला.

ठिपके बोटाला लागतात हे मला माहीत होतं. वाचून वाचून झिजतात हेही माहीत होतं. पण हे कागद अजून कुणी वाचलेच नव्हते, ते कशानं झिजणार? असंच माझ्या मनात असावं. खरं सांगायचं तर काहीच नव्हतं मनात. सकाळी कागद काढले तर इस्त्री केल्यासारखे सरळ. लिफाफ्यात अलगद गेले. मला समाधान वाटलं. मालकांच्या हाती दिले आणि मग अध्याय ऐकायला बसले.

उत्तर चैत्राच्या शेवटी आलं. या खेपेला टाईप केलेलं, जाड लिफाफ्यात. मालकांनी दुकानातून आत येऊन ओसरीवर वाचलं.

"'आपणाकडून प्राप्त झालेले चारही कागद छापील अर्जाखेरीज कोरे असल्याने, आपले काही म्हणणे नाही असे समजण्यात आले आहे. नवी पद्धत मंजूर झाली असून यापुढील सर्व छपाई त्याप्रमाणे होईल. कागद सोबत परत करीत आहोत.'"

"कोरे?" अक्का म्हणाल्या. "आन हिकडं."

त्यांनी पहिला कागद मांडीवर घेतला. बोट फिरवलं. परत फिरवलं. दुसरा घेतला. एके ठिकाणी बोट थांबलं, मागं आलं, पुढं गेलं. "हितं एक हाय," स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी चारही कागद एकावर एक ठेवले.

"वत्सला, हे कागद कशाखाली ठिवलेतीस का?"

मी सांगितलं. तीर्थाचं, लुगड्याचं, पाट्याचं, सगळं. मालक मधेच म्हणाले, "कावून ठिवलेस गं? विचारायचं तरी!" अक्कांनी त्यांना हातानं थांबवलं.

"अठरा वर्सांत तू पोथीवर काई ठिवलं न्हाईस."

"ती पोथी आहे, अक्का."

"आन कडूचं काय हुतं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

मालकांनी दुसरं पत्र टाकलं, खुलाशाचं. अक्कांनी चौघांचं म्हणणं आठवून आठवून पुन्हा टोचलं, धर्मराजचं आखूड करा म्हणणंसुद्धा, एक शब्द न गाळता. मालकांनी ते दोन पुठ्ठ्यांत घालून नेलं. त्याचं काही आलं नाही. मंजूर झालेलं कोण उघडतं? पोथीबद्दल मात्र छापखान्याचं कार्ड आलं. आपली प्रत नव्या पद्धतीनं छापायला घेतली आहे.

कामावरून सुटी न मिळाल्यानं कडूबाईचे मधले बाजार चुकले होते; त्या कार्डानंतरच्या बाजारी ती तेलाला आली. मी तिला ओसरीवर बसवलं, बुधली आणली. काय करायचं ते मी पहाटेच ठरवलं होतं. तिला सांगायचं, पाया पडायचं.

"आक्का, आलं का काई?" तिनं बसता बसता विचारलं.

"कागद परत आलेत, कडू."

"माजा बी?"

अक्कांनी गठ्ठा पुढं केला. तिनं एकेक कागद नाकाशी नेला. तिसऱ्याला थांबली. "ह्यो माजा. तेल लागलंय." तिनं तो मांडीवर पसरला आणि उजव्या हाताचं बोट डावीकडून उजवीकडं नेलं, सावकाश, अक्कांनी शिकवलं होतं तसं. ओळ संपली त्या जागेवरून खाली आली, दुसरी ओळ अर्ध्यापर्यंत नेली आणि बरोबर तिथं थांबली, जिथं तिचं म्हणणं संपत होतं.

"लागंना काई अजून," ती म्हणाली. "पर हितंच हाय की सगळं. मंजूर झालं का?"

"न्हाई. नवं मंजूर झालं."

"असं. पर वाचलं तर असंल त्यांनी?"

मी अक्कांकडं पाहिलं. त्यांचा चेहरा देवळीकडं होता. मी पुढं झाले, कडूबाईचा हात धरला. बोटांची टोकं वहाणेच्या तळासारखी झाली होती. मी तेल ओतलं, चोळायला लागले, आणि ठरवलेलं तोंडातून निघेना.

"एवढी मान्सं, कुनाकुनाचं ऐकतील," तीच म्हणाली. "वाचलं, बास झालं. वैनी, ह्यो कागद मी नेऊ का? बोटं बरी झाली की पयलं ह्येच वाचीन. जुन्याच आक्षरात हाय न्हवं ह्यो."

"ने," अक्का म्हणाल्या.

कडूबाई उठली. मी कागदाची घडी घालून तिच्या पिशवीत ठेवायला हात पुढं केला, तर तिनं तो झटकन छातीशी ओढला.

"दुमडू नका, वैनी. ठिपके मोडतील."

काठी तिनं काखेत मारली आणि कागद दोन्ही तळहातांवर आडवा धरला. काठी टेकता येईना म्हणून मी तिच्या कोपराला धरून खडीच्या रस्त्यापर्यंत पोचवायला गेले. वाटेत वारं सुटलं की ती थांबायची, वरून दुसरा हात अलगद, न टेकवता, कागदावर धरायची, आणि वारं गेल्यावर मला म्हणायची, चला.