वाळूखाली काच

मी सकर मासा बोलतोय. तोच, काचेला तोंड लावून चिकटलेला, ज्याला बघून पाहुणे नाक मुरडतात. या घरात आलो तेव्हा बोटाएवढा होतो. "टाकी साफ ठेवतो, बाकी काही त्रास नाही," असं दुकानदाराने सांगितलं होतं. मी हातभर वाढेन, हे सांगायचं तो सोयीस्कर विसरला. आता वळायचं म्हटलं तरी नाक एका काचेला घासतं नि शेपूट दुसरीला.

माझे मालक शिंपी. माणूस भला, पण भारी टापटिपीचा. मला पिल्लं व्हावीत असं त्यांच्या मनाने घेतलं आणि त्यांनी मादी आणली. खरं सांगतो, मला ती पाहताक्षणी आवडली. काही दिवसांतच तिचं पोट अंड्यांनी टरारलं.

आमच्यात नराने काठाच्या चिखलात लांब बीळ खणायचं, मादीने आत अंडी घालायची, मग नराने दारात बसून ती राखायची. इथे चिखल कुठला! बोटभर वाळू, ती उकरली की खाली काच. तरी मी उकरायचो. मालक दुकानातून आले की हात घालून सगळी वाळू इस्त्री केल्यासारखी सपाट करायचे.

"काय पसारा मांडतो हा रोज."

"अहो, घर बांधत असेल बिचारा," मालकीणबाई म्हणाल्या.

"एवढी मोठी टाकी आहे की. अजून कसलं घर?"

मी जिवाचं रान केलं. नाक सोलवटलं. शेवटी दुकानदार येऊन बघून गेला. म्हणाला, "घरच्या टाकीत यांची पिल्लं होत नसतात, काका. माझ्याकडे मातीचं तळं आहे. मादी द्या."

"आणि हा?"

"नर ढिगाने पडलेत माझ्याकडे."

बादलीतून ती गेली. फार लागलं मनाला. निदान तिला तरी माती मिळाली, अशी मनाची समजूत घातली.

काल मालक हसत हसत आले. हातात पाण्याची पिशवी. "घे, तिचीच पिल्लं आणलीत. तुला सोबत."

माझी नव्हेत ती, एवढं कळतं मला. पण नखाएवढे ते जीव माझ्या पोटाखाली येऊन बिलगले आणि मला राहवलं नाही. तेव्हापासून त्यांना राखत बसलोय.

आज मालकांनी चिमूटभर खाणं जास्तच टाकलं. "खा रे पोटभर. लवकर मोठे व्हा."

बाळांनो, त्यांचं ऐकू नका. थोडंच खा.