तो घर जाई ऱ्हायना

जुन्या अंतराळपटाची नवी डिस्क आली आणि श्रेणिक आपल्या सिनेमा-परीक्षणाच्या यूट्यूब चॅनलसाठी तिची चिरफाड करायला बसला. शेजारी वडील बसले होते, फुलचंदशेठ. अर्धांगवायूने त्यांची वाचा गेली होती.

एकेकाळी रनाळ्यात त्यांचं व्हिडिओ सेंटर होतं, आणि हाच इंग्रजी सिनेमा तिथे लागायचा. इंग्रजी गावात कुणाच्या बापाला कळत नव्हतं, आणि श्रेणिकच्या बापालाही नाही. तरी ते माईक घेऊन अहिराणीत गोष्ट सांगायचे. शेवटी एकटा अंतराळवीर काळोखात तरंगत जायचा, तेव्हा ते ओरडायचे, "घाबरू नका रे, तो घर जाई ऱ्हायना!" म्हणजे, तो घरी चाललाय. लोक खुशीत घरी जायचे.

कॉलेजात गेल्यावर श्रेणिकने त्यांना झापलं होतं, "पप्पा, खोटंनाटं सांगून सिनेमाची वाट लावता." त्यानंतर त्यांनी माईकला हात लावला नाही.

आता चित्र लख्ख होतं, आवाज खणखणीत होता. शेवट आला, आणि खालची हिंदी अक्षरं सांगत होती की तो अंतराळवीर कधीच घरी पोचत नाही. दहापैकी दहा द्यायला हरकत नव्हती.

तेवढ्यात फुलचंदशेठची मूठ माईक धरल्यासारखी तोंडापाशी गेली. ओठ हलले, पण शब्द फुटला नाही.

श्रेणिकने तो खणखणीत आवाज बंद केला आणि वाट बघत बसला.