हिंद्रिकची पेटी

ते १९३१ साल. आमच्या हालिस्ते नदीकाठची जुनी माणसं आपला जन्म त्या पुराच्या आधीचा की नंतरचा, असंच सांगायची. एस्टोनियाच्या या दलदलीच्या रानात हिवाळा आणि वसंताच्या मध्ये, नेहमीच्या चार ऋतूंपलीकडचा, पाचवा ऋतू येतोच. बर्फ वितळतं, नद्या सपाट जमिनीवर पसरतात, आणि माणसं एकाच खोडातून कोरलेल्या होडीत बसून गोठ्यात जातात. त्याचं कुणाला भय नसे. पण त्या वर्षी बर्फ एप्रिलपर्यंत हललं नाही, आणि मग एकदमच सगळ्याचं पाणी झालं.

लीसू दाराशी होडी बांधत होती, तेव्हा पाइनच्या झाडांतून काहीतरी लांबट वाहत आलं. ओंडका असेल म्हणून तिने नवऱ्याला हाक मारली. मादिस ओंडके दोरांनी बांधून नदीतून सोडण्याच्या कामावरचा. त्याने लांब आकडी टाकून ते ओढलं आणि तिच्या आड उभा राहिला.

"काय रे?"

"तू आत जा."

ती गेली नाही. ती शवपेटी होती. झाकणाला डांबर, वरून घट्ट आवळलेले दोर, आणि डोक्याच्या बाजूला तापल्या सळईने डागलेली खूण : तीन रेघा, एक बाक. तीच खूण लीसूच्या लोण्याच्या बुधलीवर होती. माहेरची.

तेव्हा म्हातारी माणसं आपली पेटी आपणच करून कोठाराच्या माळ्यावर ठेवत. तिच्या बापाने, हिंद्रिकनेही ठेवली होती. लग्नाच्या दिवशी त्याच पेटीवर हात आपटून तो म्हणाला होता, "त्या ओंडकेवाल्याच्या दारात आलो तर यातूनच येईन." तेव्हापासून बोलणं बंद.

"रिकामी असेल," ती म्हणाली.

मादिसने नकारार्थी मान हलवली. रिकामी पेटी पाण्यावर उंच तरंगते. ही जेमतेम झाकण वर ठेवून आली होती.

"मी बघतो आधी."

"बाप माझा आहे. उघड."

त्याने दोर कापले. आत सातू होता. पेरणीचा, कोरडा, काठोकाठ. लीसूने कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. खाली कुणी नव्हतं.

मादिसला हसू फुटलं.

"हसतोस काय? पेटी माळ्यावरून सुटली म्हणजे कोठार गेलं. मग बाबा कुठे आहेत?"

त्यांनी होडी नदीच्या वरच्या अंगाला, हिंद्रिकच्या घराकडे, रानातून घातली, कारण झाडांमध्ये पाण्याला ओढ कमी असते. एका गवताच्या गंजीवर कोल्हा आणि ससा शेजारी बसले होते. दोघांनाही दुसरं काही सुचत नव्हतं.

कोठाराच्या जागी नुसतं पाणी होतं. घर मात्र उभं. हिंद्रिकने रीतीप्रमाणे दोन्ही दारं सताड उघडून पाण्याला वाट दिली होती, नाहीतर तेही उचललं गेलं असतं. होडी सरळ स्वयंपाकघरात शिरली. घर तापवायच्या मोठ्या भट्टीच्या माथ्यावर म्हातारा मांडीवर कोंबडी घेऊन बसला होता.

"बी भिजलं का?" त्याने विचारलं.

लीसू ओरडलीच. "बाबा, मला वाटलं तुम्ही आत आहात!"

"मी आत असतो तर बाहेरून दोर कोणी आवळले असते गं? या कोंबडीने?" मग मादिसकडे वळून, "आणि जावईबापू, तुम्ही तर जन्मभर ओंडके बांधता!"

"तुमची पेटी दारात आल्यावर डोकं कुणाचं चालतं?" मादिस म्हणाला.

म्हातारा लेकीच्या बाहीला कोपरापर्यंत चिकटलेल्या सातूच्या कुसांकडे बघत राहिला. त्याचा आवाज उतरला. "पेटी पुढे गेली, म्हणजे माझा शब्द पाळला गेला. आता मलाही न्या."

तो सातू लीसूच्या शेतात पेरला गेला. हिंद्रिक पुन्हा वरच्या अंगाच्या आपल्या घरी राहायला गेलाच नाही. काही वर्षांनी तो गेला तो ऐन उन्हाळ्यात, नदी आटलेली असताना. ती पेटी घोडागाडीतून धूळ खात चर्चला पोचली. कोंबडी त्याच वर्षी कोल्ह्याने नेली. मादिस युद्धावर गेला तो परतला नाही. लीसू पुष्कळ म्हातारी झाली. पाणी चढलं की ती होडी बांधायला दाराशी येई, पण वरून एखादा ओंडका येताना दिसला, की तो पुढे जाईपर्यंत पाठ फिरवून उभी राही.